देवयानी अपडेट: तिरप्या रेघा गेल्या, फ्रिजमुळे!

मंडळी, मागच्या वेळी रडत होते ना की देवयानी दीर्घिकेच्या (अँड्रोमेडा) स्टॅकमध्ये, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून केलेल्या चित्रात, तिरप्या रेघा जातच नाहीयेत, त्या काल पहाटे तीनला गेल्या. केमोसोबतच्या स्टेरॉइडने झोप उडते, मग म्हटलं जागायचंच आहे तर डोंगरावर जागायचो तसं जागू.

डेटा तोच, आजार कळायच्या आधीच्या शेवटच्या ट्रेकचा, 135 एमएम लेन्स, 90 सेकंदांचे 142 सब्स (सुटे फोटो). डिदरिंग (मधूनमधून कॅमेरा मुद्दाम जरासा सरकवणं) केलं नव्हतं आणि डार्क्सही (हॉट पिक्सेल वजा करायला झाकण लावून, त्याच तापमानाला काढलेले काळे फोटो) नाहीत, कारण त्या रात्री पाठ इतकी दुखत होती की ट्रॅकर (ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारं यंत्र) चालू ठेवून मी तंबूत जाऊन पडले. ट्रॅकर हळूहळू सरकत राहिला, हॉट पिक्सेल (उगाच चमकणारे ठिपके) सेन्सरवर जागच्या जागी, त्यामुळे तारे जुळवले की तेच पिक्सेल ओढल्यासारखे रेघा होतात. सिग्मा क्लिपिंगही (स्टॅक करताना वेगळे पडणारे पिक्सेल वगळणं) त्यांना पकडत नाही, दोन सब्समधलं सरकणं एका पिक्सेलपेक्षा कमी आहे. उन्हाळ्यातले जुने डार्क्स लावले तर काळे खड्डे पडले, साधारण 6 अंशाला डार्क करंट (अंधारातही सेन्सरवर जमणारा सिग्नल) दुप्पट होतो, पडणारच. ग्रॅक्सपर्ट हे सॉफ्टवेअर ग्रेडियंटला (आकाशाच्या उजेडातला चढउतार काढायला) झकास आहे, पण त्याच्या डीनॉइजने रेघा अशा गुळगुळीत केल्या की खऱ्या धुळीच्या पट्ट्या वाटाव्यात, ते मला अजिबात पटत नाही.

मग एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) बघितलं. कॅमेऱ्याचं तापमान 19 वरून 12 पर्यंत उतरलेलं. डार्क्स त्याच तापमानाला हवेत, आणि घरात इतकं गार काय, तर फ्रिज! झिपच्या पिशवीत सिलिका जेल, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून माझ्या इंजेक्शनांच्या शेजारी, वायर दाराच्या रबरातून बाहेर. बोटांची टोकं बधिर झालीत, पिन बसेना, ती नवऱ्याने लावून दिली. पहिल्यांदा 9 वर गेला, टॉवेल वाढवल्यावर 13-14 ला थांबला. 40 डार्क्स, सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि धुळीच्या पट्ट्या स्वच्छ, शेजारची छोटी दीर्घिका एम 110 सुद्धा मोकळी दिसतेय!! 25 लाख वर्षांपूर्वीचा उजेड, आणि तिथे वर तो नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपका दिसत होता, मान वर करून किती वेळ बघत बसले होते.

सुरुवातीचे 50 सब्स गरम आहेत, त्यात रेघा थोड्या उरल्यात. त्यांच्यासाठी टॉवेल आणखी वाढवणार होते, पण हे लिहिताना सुचलं, कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवल्या ठेवल्या शूट सुरू केलं तर तो स्वतःच 19 वरून खाली येणार ना! दोन-तीन वेळा तसं करून एक्झिफप्रमाणे गट पाडायचे. टॉवेल रद्द.

सब 96 च्या कोपऱ्यात लाल उजेड आहे. मैत्रीण लाल टॉर्च घेऊन पांघरूण द्यायला आली होती तेव्हाचा. पाठ दुखतेय म्हटलं तर दोघींनाही वाटलं चढण्याने असेल. स्टॅकमधून काढलाय, डिलीट नाही केला.

बॅटरी चार्जिंगला लावलीय. गुरुवारी चौथी केमो, त्याआधी गरम डार्क्स उरकते.