तुम्ही विचारलंत म्हणून: कमी पैशात खरी लष्करी बंदूक

"गोव्यात राहून, खिशाला झेपेल अशी पण खरी लष्करी रायफल संग्रहासाठी कशी घ्यावी?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन नावं असतात: पोर्तुगीज सैन्याची माउझर आणि आपल्याकडची .३०३. ती दोन्ही बाजूला ठेवा.

.३०३ आणि ७.६२ मिमी या लष्करी काडतुसांच्या रायफली आपल्या शस्त्र नियमांत निषिद्ध वर्गात मोडतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या नेहमीच्या परवान्यावर त्या घेता येत नाहीत. तशी रायफल बेकायदा बाळगल्याचं सिद्ध झालं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. "आजोबांच्या वेळची आहे, कोण बघतंय" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे फोटो बघायलाही थांबू नका. पोर्तुगीज माउझरची, म्हणजे १९०४ च्या माउझर-व्हेर्गेरूची, गोष्ट वेगळी आहे. बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यात घडलेली ६.५ मिमीची ही देखणी बंदूक. १९३९ नंतर त्यांतल्या बऱ्याच आखूड करून ७.९२ मिमीच्या केल्या गेल्या. पण आपल्याकडे कागदपत्रांसकट ती मिळणं फार कठीण, आणि कागदांशिवाय मिळाली तर ती घ्यायची नसतेच. लिस्बनला किंवा इंग्लंडात स्विंडनला असलेल्या नातेवाइकाने ती तिथे कायदेशीर घेतली, तरी बॅगेतून दाबोळीला उतरवता येत नाही.

मग उरतं काय? माझ्या मते सगळ्यात चांगलं तेच उरतं: ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासायची, आणि छोट्या स्फोटक टोपीवर उडणारी १८५३ ची एनफिल्ड आणि तिची भावंडं. ही बंदूक लाखोंनी बनली. सैन्याने टाकल्यावर ती पोलीस, संस्थानांच्या फौजा आणि शिकारी यांच्याकडे फिरत राहिली. म्हणून अजून मिळते, आणि थोडी मोडकी असेल तर मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात येते. तिच्यावरून पुढे आलेली स्नायडर (१८६६), पाठीमागून काडतूस भरायची, हीसुद्धा बघण्यासारखी. पण पहिली खरेदी ठासणीचीच करावी.

बंदुकीआधी कागद. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे: जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडलेलं शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला परवाना लागत नाही. लोक या वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. "शंभर वर्षं जुनी आहे ना, मग झालं!" तसं नाही. १८५७ ची एनफिल्ड नळी धड आणि घोडा (टोपीवर आपटणारा हातोडा) चालू असेल तर आजही बार काढते; तिला परवाना लागतो. सूट बसते की नाही हे तुम्ही किंवा विकणाऱ्याने ठरवायचं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो, नळीची लांबी, आतला व्यास आणि सगळे ठसे लिहून अर्ज करा, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या आणि मगच पैसे द्या. सूट मिळावी म्हणून नळीला भोक पाडणं, वेल्डिंग मारणं असले उद्योग करू नका. त्याने वस्तूचं मोल जातं आणि कायद्याचा प्रश्नही आपोआप सुटत नाही.

परवान्याची वाट धरलीत तर आणखी दोन गोष्टी. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या, राखणीसाठी घरात बारा बोअर असेल आणि ती तुमच्याच नावावर असेल, तर एक जागा भरली. आणि परवानाधारक व्यक्तीकडून थेट घेणार असाल तर त्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. "आज घेऊन जा, कागद मागाहून करू" म्हणणारा माणूस तुमचं भलं करत नाही.

आता वस्तू. हातात घेतल्यावर पहिलं काम ती भरलेली आहे का ते बघण्याचं. दीडशे वर्षं भिंतीवर लटकलेल्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तशीच असू शकते. घोडा खाली आहे हे बघा, त्याला हात लावू नका. नळीचं तोंड कुणाकडेही नको आणि तुमचं डोकं त्याच्या समोर नको. लाकडाची सरळ काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तिला समांतर धरा. काठीचं टोक टोपी बसते त्या निप्पलच्या जवळपास पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे: बार असेल, चिंधी असेल, कुंभारमाशीचं घर असेल. उकरत बसू नका. परवानाधारक बंदूकवाल्याला दाखवा.

मग उजवीकडची लोखंडी पट्टी, म्हणजे लॉकप्लेट. घोड्याच्या मागे मुकुट आणि खाली व्ही. आर. ही व्हिक्टोरियाची अक्षरं, पुढे टॉवर किंवा एनफिल्ड आणि साल. अस्सल अक्षरं ठशाने ठोकलेली असतात, कोरलेली नसतात. भिंग लावून तिरप्या उजेडात बघा: ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला दिसतो, आणि पट्टी झिजली असेल तर अक्षरही तिच्याबरोबर झिजलेलं असतं. पट्टीवर खड्डेच खड्डे आणि त्यात अक्षरं मात्र कोरी करकरीत, असं दिसलं की परत ठेवा. किनाऱ्याजवळच्या पर्यटकी दुकानांत पितळी पत्रे ठोकलेल्या, 'ईस्ट इंडिया कंपनी' असं पूर्ण नाव कोरलेल्या बंदुका टांगलेल्या असतात. कंपनी आपल्या बंदुकांवर असं पाटीसारखं नाव घालत नसे. आधी हृदयाच्या आकाराचं व्यापारचिन्ह असे, १८०८ च्या सुमारापासून मुकुट धरलेला सिंह आला. आणि कंपनीचं राज्यच १८५८ ला संपलं, त्यामुळे तिच्या नावापुढे १८७० साल असेल तर पुढे बोलायची गरज नाही. सरहद्दीकडच्या खैबर नकलांतही अशाच चुका सापडतात: एनफिल्डमधला इंग्रजी एन उलटा, किंवा व्हिक्टोरियाची अक्षरं आणि खाली १९०१ नंतरचं साल. उलट, नेपाळात बनलेल्या जुन्या ब्रन्सविक बंदुकांवर देवनागरी आकडे असतात. ते बघून नकली समजू नका. त्या स्वतःच्या जागी अस्सल आहेत.

विक्रेता तयार असेल तर लॉक, म्हणजे पट्टीसकट घोड्याची यंत्रणा, काढून बघा. घोडा अर्ध्या चापावर घ्या, म्हणजे अर्धाच मागे ओढून अडकवा, डावीकडचे दोन लांब स्क्रू चार-पाच फेरे सैल करा, आणि स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी मुठीने आळीपाळीने हलके ठोका. लॉक समांतर बाहेर येतं. पट्टीत काही घालून उचकटलंत तर भोवतालच्या लाकडाचा कपचा उडतो, आणि तो कायमचा. आतली बाजू नीट घासलेली, भागांवर छोटे तपासनिसाचे ठसे, स्क्रूच्या खाचा अरुंद: हे चांगलं. आतून वाळूसारखी खरखरीत, बुडबुड्यांची पट्टी म्हणजे ओतीव नक्कल. खरा गंज कुठे असतो तेही लक्षात ठेवा. टोपीच्या मसाल्यातल्या क्लोरेटमुळे उडल्यावर क्षार राहतो, तो ओल खेचतो, म्हणून निप्पलच्या आजूबाजूला खड्डे जास्त असतात. तोंडापासून दस्त्यापर्यंत सारखाच गंज म्हणजे आम्लाचं काम.

नळीच्या तोंडात बॅटरी मारा. १८५३ च्या एनफिल्डला तीन आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, असतात आणि व्यास .५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिमी. आटे नाहीत, व्यास साडेसोळा मिमीच्या पुढे आणि मागची दिदबानी (नेम धरायची खूण) उचलती शिडी नसून साधा ठोकळा आहे, तर ती बिघडलेली एनफिल्ड समजू नका. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातातून आट्यांची रायफल काढून घेतली आणि दिसायला तीच, पण आतून गुळगुळीत, .६५६ इंचाची बंदूक दिली. कारण उघड आहे: गुळगुळीत नळीचा नेम लांबवर लागत नाही. नेमबाज आणि परदेशी संग्राहक रायफलीच्या मागे असतात, म्हणून ही मागे पडते. कमी पैशात घ्यायची तर मी हीच सुचवतो. आपल्या माणसांच्या हातात दिलेली, अविश्वासातून घडवलेली ही बंदूक इतिहास म्हणून तिच्या आट्यांच्या बहिणीपेक्षा मोठी आहे. पूर्ण बंदुकीची नळी ३९ इंच आणि ती लाकडाला धरून ठेवणारी कडी तीन. नळी आखूड आणि कडी दोनच असतील, तर ती आखूड नमुन्याचीच आहे की शिकारीसाठी कापलेली, ते ठरवा. पुढच्या कडीच्या जागी लाकडावर जुनी खाच बुजवलेली दिसली तर कापलेली.

पैसे वाचवायचे तर ठासणीचा गज नसलेली, दस्ता मनगटापाशी तडकलेली, दिदबानीचं पान हरवलेली खुशाल घ्या. लॉक बदललेलं, नळीवर नवे बनावट ठसे मारलेली, बफ मारून आरशासारखी केलेली किंवा निकेल चढवलेली मात्र फुकट दिली तरी नको. तडा सांधता येतो. पॉलिशने गेलेला ठसा परत येत नाही. आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर विकता येणार नाही, तेव्हा पुढे विकून नफा हा हिशेब मांडू नका.

घरी आल्यावर खरा शत्रू आपला पावसाळा. चिऱ्याची बाहेरची भिंत ओल धरते, तिच्यावर टांगू नका. आतल्या भिंतीवर लाकडी खुंट्यांवर ठेवा. चामडी किंवा कापडी म्यानात तर अजिबात नको, त्यात ओल कोंडते. खोबरेल लावायची आपली सवय इथे मोडा, ते चिकट होऊन धूळ धरतं. मेच्या अखेरीस धातू कोरडा पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, पाऊस ओसरल्यावर आणखी एक. पितळेला ब्रासो लावू नका, दस्त्याच्या टोकाच्या पट्टीवर पलटणीचा आकडा असू शकतो आणि तो पहिल्यांदा जातो. ती पट्टी एकदा सोडवून खाली वाळवीची माती नाही ना ते बघा. महिन्यातून एकदा पांढरं फडकं नळीवरून फिरवा: काळपट डाग आला तर चिंता नाही, नारिंगी आला तर गंज चालू आहे, त्या जागेवर थोडं हलकं मशीन ऑइल, लाकडाच्या चपट्या काडीने घासणं आणि पुन्हा मेण.