सातबारा जँगोच्या नावावर, ताबा ओरॅकलकडे

जँगो म्हणजे पायथनमधलं वेब ॲप बांधायचं फ्रेमवर्क, आणि मायग्रेट म्हणजे मॉडेलात (कोडमधल्या टेबलाच्या आराखड्यात) केलेले बदल मायग्रेशन फाइलींमधून डेटाबेसच्या टेबलांत उतरवणारी त्याची कमांड. लोकल पोस्टग्रेस डेटाबेसवर मायग्रेट मारलं की सगळं ओके ओके ओके येतं आणि तोच कोड क्लायंटच्या ओरॅकल डेटाबेसवर नेला की पहिल्याच फाइलला धाडकन एरर, हे ज्यानं भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. सांगली-मिरज पट्ट्यात ऊस नोंद, दूध संकलन, शेतकरी नोंदणी असली कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वरचेवर येतंय, कारण जुन्या संस्थांकडे ओरॅकल आधीपासून बसलेलं असतं आणि ते बदलायचा विषय काढला की "चाललंय ते चालू दे की" एवढंच उत्तर मिळतं. मग त्याच्यावरच जँगो बसवायचं.

आधी कनेक्शनचं एक सांगून टाकतो. सेटिंग्जमध्ये होस्ट आणि पोर्ट वेगळे भरले की जँगो नेमच्या जागी लिहिलेलं नाव एसआयडी (ओरॅकलच्या एका चालू इन्स्टन्सचं नाव) समजतं, आणि डीबीएनं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यानं, तर तुम्हाला सर्व्हिस नेम दिलेलं असतं. मग लिस्नर (कनेक्शन घेणारा ओरॅकलचा भाग) म्हणतो असा एसआयडीच नाही, आणि आपण बसतो फायरवॉल तपासत. होस्ट-पोर्ट रिकामे सोडा आणि नेममध्येच होस्ट, कोलन, १५२१, स्लॅश, सर्व्हिस नेम असं सलग लिहा. जँगो ५.० पासून पायथन-ओरॅकलडीबी ड्रायव्हर चालतो, त्याच्या थिन मोडला इन्स्टंट क्लायंट (ओरॅकलच्या वेगळ्या बसवायच्या लायब्ररी) लागत नाही, ही मोठी कटकट गेली. पण जँगो ४.० पासूनच ओरॅकल १९सी किंवा त्यापुढचंच लागतंय, त्यामुळे कुणाकडे अजून ११जी असेल तर नवीन जँगोचा नाद सोडा.

आता मूळ मुद्दा. जँगोला डेटाबेसमध्ये खरं काय आहे ते माहीत नसतं, त्याच्याकडे जँगो_मायग्रेशन्स नावाचं एक टेबल असतं आणि कुठली फाइल चालून झाली त्याची नोंद तिथं असते, बास. म्हणजे सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि शेतात ताबा कुणाचा, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात तसं. मायग्रेशनच्या बहुतेक भानगडी या दोघांचा मेळ नसल्यामुळे होतात आणि एरर मात्र तिसराच काहीतरी दिसतो.

एका संस्थेत हे फार मजेशीर झालेलं, म्हणजे आता मजेशीर वाटतं. त्यांच्याकडे ओरॅकलचे दोन युजर, एक ओनर ज्याच्या स्कीमात (म्हणजे त्या युजरच्या स्वतःच्या हिश्श्यात) सगळी टेबलं, आणि दुसरा ॲप युजर ज्याला फक्त वाचायची-लिहायची परवानगी, आणि टेबलांची नावं पब्लिक सिनोनिमनं (सगळ्या युजरना चालणाऱ्या टोपणनावानं) दिसायची. सिक्युरिटीच्या दृष्टीनं एकदम बरोबर मांडणी. पहिलं मायग्रेट कुणीतरी ओनरनं चालवलेलं. पुढचं मायग्रेट तिथल्या पोरानं ॲप युजरनं मारलं. इथं गंमत अशी की टेबल आहे का नाही ते बघायला जँगो यूजर_टेबल्स बघतं, म्हणजे लॉगिन केलेल्या युजरची स्वतःची टेबलं, आणि सिनोनिम त्यात येत नाही. मग जँगोला वाटलं मायग्रेशनची नोंदच नाही, हा डेटाबेस कोरा आहे, आणि ते निघालं पहिल्यापासून टेबलं बांधायला. ओरॅकलचा एरर ओरा-०१०३१, परवानगी नाही. पोरानं डीबीएंना फोन केला, साहेबांनी क्रिएट टेबलची परवानगी दिली. मग ओरा-०१९५०, टेबलस्पेसवर (डेटा साठवायच्या जागेत) कोटा नाही. साहेबांनी कोटा पण दिला. मग सगळं ओके ओके ओके, पोरगं खूश.

आणि ॲप उघडलं तर शेतकऱ्यांची यादी रिकामी.

डेटा कुठं गेला नव्हता. ओरॅकल नाव शोधताना आधी स्वतःच्या स्कीमात बघतं, तिथं नाही मिळालं तरच पब्लिक सिनोनिमकडे जातं, आणि आता ॲप युजरच्या स्कीमात त्याच नावाची कोरी करकरीत टेबलं तयार झालेली. मला फोन आला तोपर्यंत तिकडे बॅकअप रिस्टोअर करायची तयारी चाललेली, डीबीए विचारत होते, "कालचा डंप लावून टाकू का?" म्हटलं, "साहेब, थांबा जरा, आधी टेबलाचा ओनर कोण आहे ते बघू." ऑल_ऑब्जेक्ट्स (आपल्याला दिसणाऱ्या टेबल-सिनोनिम वगैरेंची ओरॅकलची यादी) मध्ये जँगो_मायग्रेशन्स हे नाव कॅपिटलमध्ये शोधलं तर तीन ओळी आल्या, एक ओनरचं टेबल, एक पब्लिक सिनोनिम आणि एक ॲप युजरचं टेबल. तिसरी ओळ बघितल्यावर साहेब नुसतं "अरे देवा" म्हणाले. यादी रिकामी दिसली तेव्हाच ॲप बंद केलेलं म्हणून नवीन टेबलांत एकही नोंद पडली नव्हती, ते तपासून ती उडवली, दिलेल्या परवानग्या काढून घेतल्या, यादी परत आली. आता डिप्लॉय करताना एन्व्ह व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) ओनरचं लॉगिन देऊन मायग्रेट चालतं आणि ॲप रोज आपल्या गरीब युजरनं चालतं. ॲप युजरनं शोमायग्रेशन्स (कुठल्या फाइली चालल्या ते दाखवणारी कमांड) मारलं तर सगळे चौकोन रिकामेच दिसणार, त्याला घाबरायचं नाही.

माझं मत विचाराल तर परवानगीचा एरर आला की परवानगी मागायच्या आधी हा प्रश्न विचारायचा, की आपण नेमके कुठल्या युजरनं आत आलोय आणि हे टेबल बांधायची वेळच का आली.

दुसरी भानगड अर्धवट मायग्रेशनची. पोस्टग्रेसची सवय असलेल्यांना वाटतं मध्येच फेल झालं तर सगळं मागं जाईल. ओरॅकलमध्ये टेबल बदलणारी प्रत्येक कमांड आधी आणि नंतर आपोआप कमिट (बदल पक्का) करते, मागं वगैरे काही जात नाही. समजा एका फाइलमध्ये दोन कॉलम आणि एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे, कॉलम झाले, इंडेक्सला ओरा-०००५४ आला म्हणजे टेबल कुणीतरी अडवलंय, कारण अकाउंट्समधल्या कुणीतरी एसक्यूएल डेव्हलपरमध्ये अपडेट मारून कमिट न करता जेवायला गेलंय (हे नेहमीचंच). आता फाइल नोंदीत नाही पण कॉलम तर झालेत, परत चालवलं की ओरा-०१४३०, कॉलम आधीच आहे. इथं लोक पटकन फेक मारतात (फाइल न चालवताच झाली अशी नोंद करतात) आणि तिथंच फसतात, कारण मग इंडेक्स झालाय असं जँगो कायमचं धरून चालतं. आधी यूजर_टॅब_कॉलम्स (आपल्या टेबलांच्या कॉलमांची यादी) बघायचं, झालेले कॉलम रिकामे असतील तर काढायचे आणि फाइल पहिल्यापासून चालवायची, किंवा एसक्यूएलमायग्रेट (फाइलमधल्या एसक्यूएल कमांड दाखवणारी कमांड) मारून उरलेली कमांड हातानं चालवायची आणि मगच फेक. मी तर ओरॅकलसाठी एका फाइलमध्ये एकच बदल ठेवतो, फायलींचा ढीग होतो, होऊ दे. लॉकसाठी सेशनला डीडीएल_लॉक_टाइमआउट तीस सेकंद दिला तरी बराच त्रास वाचतो, म्हणजे लगेच फेल न होता जरा वाट बघतं.

अजून एक आमच्या जिल्ह्याचं खास. जुन्या टेबलात तालुक्याचा कॉलम व्हारकॅर२ (मजकूर ठेवायचा प्रकार), लांबी ३०, आणि इतकी वर्षं नावं इंग्रजीत असल्यामुळे कधी काही झालं नव्हतं. नवीन ॲपमध्ये मराठी आलं आणि डेटा मायग्रेशन धडाधड चाललं, जत गेलं, पलूस गेलं, तासगाव गेलं, आणि कवठेमहांकाळला अडकलं. ओरा-१२८९९, प्रत्यक्ष ३३, कमाल ३०. जँगोच्या मॉडेलात मॅक्स लेंथ ३० च होती, पण जँगो चिन्हं मोजतं आणि हा कॉलम बाइट मोजत होता, कारण ओरॅकलचा डिफॉल्ट तसाच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वार पण वेगळे धरायचे, म्हणजे कवठेमहांकाळची अकरा चिन्हं आणि तेहतीस बाइट. जँगोनं स्वतः बांधलेल्या टेबलात एनव्हारकॅर२ असतो, तिथं लांबी चिन्हांत धरली जाते म्हणून हा प्रश्न येत नाही, पण इन्स्पेक्टडीबीनं (असलेल्या टेबलांवरून मॉडेल लिहून देणाऱ्या कमांडनं) उचललेल्या जुन्या टेबलांत येणारच. त्या मॉडेलांवर मॅनेज्ड फॉल्स (म्हणजे जँगोनं या टेबलाला हात लावायचा नाही) असल्यामुळे जँगोकडून कॉलम बदलून मिळत नाही, डीबीएंनाच सांगून ३० बाइटचा ३० कॅर (म्हणजे चिन्हं) करून घ्यायचा. आणि हे करायच्या आधी डेटाबेसचा कॅरेक्टरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) एएल३२यूटीएफ८ आहे ना ते विचारून घ्या. जुना डब्ल्यूई८एमएसविन१२५२ असेल तर एरर पण येत नाही, मराठीच्या जागी नुसती उलटी प्रश्नचिन्हं सेव्ह होतात आणि मूळ नाव परत मिळत नाही.