मागची उंची: सोळा मिलिमीटरचा पत्ता लागला

मंडळी, सापडलं! मोटरसायकलची मागची बाजू खाली का बसते, याच्या मागे तीन आठवडे लागलो होतो. दोष लिंकेजच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला शॉकशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगमध्ये निघाला. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं, की स्प्रिंग बसली आहे, आता कडक स्प्रिंग आणि आखूड डॉगबोन (लिंकेजमधल्या जोडपट्ट्या) टाकणार. ते पूर्ण मागे घेतो. त्या भरवशावर कोणी स्प्रिंग मागवायला निघालं असेल तर आधी हे वाचा.

आकडे पुन्हा देतो. चाक हवेत लटकत असताना एक्सलपासून टेलवरच्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत ६१२ मिमी. गियर घालून मी बसलो की ५६१, म्हणजे सॅग (भाराने मागची बाजू जितकी खाली बसते ते अंतर) ५१. गाडी एकटी उभी असताना ६०५, म्हणजे मोकळा सॅग ७. स्वारासकट भरपूर आणि मोकळा जेमतेम, हे मऊ स्प्रिंगचं ठरलेलं लक्षण, म्हणून मी तिकडे वळलो. पण एक गोष्ट सारखी खटकत होती. प्रीलोडची (स्प्रिंगला आधीच दाब देणारी) कॉलर एक फेरा आवळली की माप कधी ६ मिमी वर जायचं, कधी हलायचंच नाही, आणि एकदा तर आवळूनही २ मिमी खाली आलं. स्प्रिंग मऊ असली तरी ती अशी लहरी वागत नाही.

मग परवा एकच माप दोन तऱ्हांनी घेतलं. आधी बसल्यावर मागची बाजू खाली दाबून अगदी हळू सोडली: ५६१. मग सोबतीने टेल धरून वर उचलली आणि तशीच हळू खाली येऊ दिली: ५७७. माणूस तोच, प्रीलोड तोच, आणि फरक १६ मिमी! मागच्या बाजूला तीन-चार मिमी फरक समजू शकतो, कारण सील आणि बुश थोडं घासतातच. सोळा म्हणजे काहीतरी अडकलंय.

माझी आधीची मापं का फसली तेही इथेच कळलं. स्वारासकटचं माप घेताना मी दणकन बसायचो, म्हणजे चाक घर्षणाच्या खालच्या टोकाला अडकायचं. मोकळं माप गाडी उचलून ठेवल्यावर लगेच घ्यायचो, म्हणजे वरच्या टोकाला. दोन्ही चुका उलट्या दिशेच्या, आणि दोन्ही मिळून हुबेहूब मऊ स्प्रिंगचं चित्र तयार झालं. यापुढे प्रत्येक माप दोन्ही बाजूंनी घ्यायचं आणि सरासरी धरायची, हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

आता खोलाखोली. ज्यांनी लिंकेज कधी सोडलं नाही त्यांच्यासाठी: स्विंगआर्मच्या पॅडॉक स्टँडवर हे काम होत नाही. तो स्टँड चाकाकडूनच गाडी पेलतो, त्यामुळे डॉगबोनचा बोल्ट निघाला की फ्रेम खाली बसते. गाडीचा भार फ्रेमवर घ्यायचा, फुटपेगच्या ब्रॅकेटखाली दोन्हीकडे भक्कम आधार द्यायचा आणि चाकाखाली लाकडाच्या पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे बोल्टवर ताण राहत नाही आणि तो हाताने सरकून येतो. हातोडी उचलायची वेळ आली तर समजा पट्ट्यांची जाडी चुकलीय.

डॉगबोन सोडल्यावर स्विंगआर्म हाताने वर-खाली केला, लोण्यासारखा हलला. म्हणजे त्याचा पिव्हट (फिरण्याचा सांधा) ठीक. शॉकचा खालचा डोळाही सैल फिरला. राहिला रॉकर, म्हणजे डॉगबोन आणि शॉक यांच्यामधला डुलणारा तुकडा. तो मी तिरका धरला आणि सोडला, तर तिथेच थांबला. त्याला आपल्या वजनाने खाली पडायला हवं होतं.

रॉकरच्या बेअरिंगमधली कॉलर (बोल्टवरची नळी) ढकलून बाहेर काढताना मध्येच अडली, मग कुरकुरत सुटली. ग्रीस नावाला नव्हतं, विटकरी रंगाचा ओलसर लगदा होता. कॉलर पुसून उजेडात धरली तर अर्ध्या घेरावर बारीक समांतर रेघा, कंगवा ओढल्यासारख्या, एकेका सुईची (बेअरिंगमधल्या बारीक रुळाची) एकेक. नखाला लागत होत्या. लिंकेजच्या बेअरिंगला पुरता फेरा कधीच मिळत नाही, ते काही अंश पुढे आणि काही अंश मागे डुलतं. त्यामुळे सुया वर्षानुवर्षं त्याच जागी दाबल्या जातात आणि गंजही तिथेच धरतो. चाकाचं पाणी आणि चिखल थेट त्याच्यावर उडतो, शिवाय मी स्वतः प्रेशरने धुताना तो भाग हौसेने धुवायचो. ते आता बंद.

बेअरिंग मागवण्यात चार दिवस वाया गेले, कारण विक्रेत्याने आतला-बाहेरचा व्यास आणि रुंदी बरोबर असलेलं, पण पिंजऱ्याचं (सुया एकमेकींपासून दूर धरणाऱ्या चौकटीचं) बेअरिंग पाठवलं. "साइझ तोच आहे, चालेल," असं उत्तर मिळालं. चालत नाही. पिंजऱ्यामुळे सुया कमी बसतात. वेगाने फिरणाऱ्या जागी ते उत्तम, पण जिथे हालचाल थोडी आणि भार मोठा तिथे सुया खेटून भरलेलंच हवं. परत पाठवलं, दुसरीकडून बरोबर आणलं, सीलसकट. बसवायला हातोडीऐवजी आटे पाडलेला लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि योग्य मापाचा सॉकेट वापरला. नट आवळत गेलं की बेअरिंग सरळ आत जातं. सुया ग्रीसमध्ये चिकटवून बसवल्या आणि कॉलर घालण्याआधी दोनदा मोजल्या. ग्रीस पाण्यात टिकणारं, भरपूर. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कवर.

जोडणी करून बसलो. दाबून ५६७, उचलून ५७०. फरक ३! एवढ्या एका आकड्यावर मी त्या रात्री शांत झोपलो. सरासरी ५६८.५, म्हणजे सॅग ४३.५. मोकळा १४.५. स्प्रिंग चांगली आहे, फक्त प्रीलोड हवा होता. गाडीसोबत मिळालेला हुक पाना पातळ पत्र्याचा आहे, दोनदा सटकून त्याने प्रीलोडच्या कॉलरचा दात बोथट केला. जाड, लांब दांड्याचा पाना एकदाच घ्या. आणि आटे आधी ब्रशने साफ करा, नाहीतर कॉलर पिळवटते. माझ्या आट्यांचा पिच (एका फेऱ्यात कॉलर सरकते ते अंतर) १.५ मिमी. दोन फेरे, म्हणजे ३ मिमी, आणि उंची वाढली ७ मिमी. लिव्हरेज (शॉक एक मिमी हलला की चाक किती मिमी हलतं ते) २.३ च्या आसपास आहे हे असं घरबसल्या कळलं. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उभी राहते, ते इथे आकड्यात दिसतं. नवी मापं: स्वारासकट ३६.५, मोकळा ७.५.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. ६१२ चं माप मी जुन्या, अडकलेल्या बेअरिंगवर घेतलं होतं. रॉकर जिथे सोडला तिथे थांबत होता, तर चाक तरी पूर्ण खाली उतरलं होतं कशावरून? खाली जाऊन टेल उचलून पुन्हा मोजलं. ६१४. म्हणजे खरा सॅग ३८.५ आणि मोकळा ९.५. रस्त्यावरच्या गाडीला स्वारासकट ३० ते ४० बसतो, पण मला कडेला राहायचं नव्हतं. अर्धा फेरा आणखी दिला: ३६.५ आणि ७.५. वरचे आकडे तसेच ठेवतोय, म्हणजे पहिलं माप चुकलं की पुढचं सगळं कसं सरकतं ते दिसेल.

आखूड डॉगबोन डब्यातच राहणार. त्यांनी उंची वाढली असती, पण लिव्हरेजही बदललं असतं, आणि ते मला आता मुळीच नकोय. उलट एक काम वाढलं. उन्हाळ्यात मागची बाजू वर येईना म्हणून मी पुढचे फोर्क टीमध्ये (फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये) ६ मिमी वर सरकवून पुढची बाजू खाली घेतली होती, ते आठवतं ना? आता मागची बाजू ९ मिमी वर आहे, पुढची ६ खाली, एकूण १५. व्हीलबेस १४०० धरला तर २५ मिमीला साधारण १ अंश, म्हणजे रेक (पुढच्या फोर्कचा तिरकेपणा) ०.६ अंशाने कमी झालाय आणि ट्रेलही (हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) घटलाय. सरळ रस्त्यावर हँडल हलकं वाटतंय ते यामुळेच असणार. म्हणून फोर्क परत मूळ रेघेवर. रिबाउंडला (दबलेली स्प्रिंग परत उसळण्याच्या वेगाला) हात लावायचा विचार होता, तो फोर्कनंतर. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

चेनचा ढिलेपणा पुन्हा पाहिला, तो बदलतोच. पुढचा स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वांत ताणलेली असते, म्हणून मागे वजन टाकून त्या जागी तपासा. हेडलाइटचा झोत खाली आलाय, तो वर घेतला. साइड स्टँडवर गाडी जरा जास्त कलते, पण अजून बिनधास्त उभी राहते.

बेअरिंगची जुनी कॉलर फेकली नाही. वहीशेजारी ठेवलीय. पुढच्या पावसाळ्याआधी रॉकर पुन्हा सोडणार आहे, तेव्हा नव्या कॉलरवर रेघा उमटल्यात का ते हिच्याशेजारी धरून बघेन.