अर्ध्या जिभेची दुपार

दाढेतली कीड कोरून सिमेंट भरून घेतलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका." मी मान डोलावली. घरी येऊन बघतो तर ताटात कडक भाकरी, तेल सुटलेली शेंगाचटणी आणि वाटीभर दही. अशा वेळी सोलापूरच्या माणसाने डॉक्टरांचं ऐकावं ही अपेक्षाच चूक. दोन घास निभावले. तिसऱ्याला दाताखाली काहीतरी मऊ आलं, पण दुखलं काहीच नाही. पाण्याचा पेला लालसर झाला तेव्हा कळलं, मी स्वतःलाच चावलो होतो.

आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढली. डावीकडे, उजवीकडे, वर नाकाकडे. सांगू तिकडे जात होती. पण तिची उजवी बाजू नेमकी कुठे आहे, हे आरशात बघितल्याशिवाय कळेना. कारण सुईने झोपवली होती ती स्पर्शाची नस. हलवणारी नस वेगळीच: मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी शेवटची, अधोजिव्हा. ती जागीच होती. म्हणजे गाडी सुरू, पण ड्रायव्हरच्या डोळ्यावर अर्धी पट्टी. त्यातून चवीचे धागे शेवटच्या टप्प्यात त्या झोपलेल्या नसेच्याच सोबतीने जातात, म्हणून चटणीसुद्धा अर्धीच लागली. याचं दुःख चावण्याहून मोठं.

जिभेत आठ स्नायूंच्या जोड्या असतात. चार बाहेरच्या आधाराला बांधलेल्या, चार पूर्णपणे तिच्या आतच. एक जोडी सोडली तर सगळ्यांचा कारभार या बाराव्या नसेकडे. आत हाड नाही, मग जोर कशाच्या आधारावर? भाकरीचं पीठ मळताना गोळा तळहातांत दाबला की लांब होतो, तसंच. आडवे आणि उभे धागे आवळले की जीभ बारीक होऊन पुढे सरकते. आकार बदलतो, आकारमान तेवढंच राहतं. हत्तीची सोंडही याच हिशेबाने चालते.

आणि जोर मोजूनमापून लागतो. नसेचा एकेक तंतू आपल्या वाट्याच्या थोड्या स्नायूतंतूंना हुकूम सोडतो. हलक्या कामाला आधी लहान तुकड्या उठतात, जोर वाढवायचा तर मोठ्या, शिवाय हुकूमही घाईघाईने सुटतात. दाढेमागचा शेंगदाण्याचा कण उचकटणं एक काम, भाकरीचा घास टाळूला दाबून घशाकडे ढकलणं दुसरं, दोन्हीला कारागीर तोच. मांजर दूध पिताना सेकंदाला साधारण 4 वेळा जिभेचं टोक दुधाला टेकवते. आमची मनी हे करते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मात्र कसलाही हिशेब दिसत नाही.

डॉक्टर "जीभ दाखवा" म्हणतात तेव्हा पोट साफ आहे का ते बघतात, असं आजी सांगायची. एका बाजूची बारावी नस कमकुवत झाली, तर बाहेर काढलेली जीभ त्याच, दुबळ्या बाजूला वळते. निरोगी बाजू तिला ढकलते, दुबळी अडवू शकत नाही. आजीला हे सांगितलं असतं, तर तिने रोज संध्याकाळी आमची रांग लावली असती.

तेवढ्यात मित्राचा फोन आला. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू एकाच कट्ट्यावर चालतात, त्यामुळे 'ळ' हा आमचा हक्काचा. जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला टेकवायचं, बस्स. मी म्हणालो, "जेवणाच्या वेली नीट जेवलो नाही." तो म्हणाला, "काय बे, भर दुपारी पिऊन बसलास?"

पाचच्या सुमारास मुंग्या आल्या, मग चावलेली जागा ठणकू लागली. जीभ आधी नव्या सिमेंटवरून दहा-बारा वेळा फिरली आणि नंतर, कुणी न सांगता, त्यामागे जेवणापासून अडकलेल्या शेंगदाण्याच्या कुटाकडे वळली.