गाठ किती कडक? स्तनाच्या इलास्टोग्राफीचा माझा अनुभव

स्तनातली गाठ सोनोग्राफीत सापडली की मी इलास्टोग्राफीचं, म्हणजे त्याच मशीनवर ऊतीचा कडकपणा तपासण्याचं, बटण लगेच दाबत नाही. आधी नेहमीची तपासणी पुरी करते: गाठीचा आकार, कडा, आडवी की उभी, मागे सावली पडते का, काखेत काही आहे का. बायरॅड्सची, म्हणजे गाठ किती संशयास्पद ते सांगणारी, श्रेणी ठरली की मगच कडकपणा. उलटं केलं तर रंगीत चित्र डोळ्यांत बसतं आणि कडांकडे दुर्लक्ष होतं. बायोप्सी ठरलेली असेल तर हे सगळं सुई घालण्याआधी. नंतर रक्त साकळून गाठ वेगळीच दिसते.

पेशंटला उताणं झोपवून त्या बाजूचा हात डोक्यामागे, पाठीखाली छोटी उशी देऊन अंग किंचित विरुद्ध कुशीला. स्तन छातीवर पसरून पातळ होतो, गाठ वर येते. जेल भरपूर. प्रोब छातीला काटकोनात.

आमच्याकडे स्ट्रेन आणि शिअर वेव्ह अशा दोन पद्धती चालतात. पहिली स्ट्रेन. प्रोब जेमतेम हलवायचा, किंवा नुसता धरून ठेवायचा. श्वासाची आणि ठोक्यांची हालचालही पुष्कळदा पुरते. मऊ भाग जास्त दबतो, कडक कमी, आणि मशीन त्यातला फरक रंगवतं. हा हिशोब सापेक्ष आहे, म्हणून मशीन ज्या भागाला रंग देतं ती चौकट मोठी घ्यावी लागते: त्वचेखालच्या चरबीपासून छातीच्या स्नायूपर्यंत, फासळी वगळून. नवशिके चौकट गाठीभोवती आवळून घेतात. मग तुलनेला मऊ ऊती उरतच नाही आणि साधा फायब्रोअडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठसुद्धा निम्मी कडक रंगात येतो.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती आधीच दिलेल्या दाबामुळे. नेहमीच्या सोनोग्राफीत आपण प्रोब दाबूनच धरतो, चित्र स्वच्छ येतं. तीच सवय इथे नडते. दाबाखाली चरबीही कडक होते. स्ट्रेनमध्ये त्यामुळे गाठ आणि आसपासचा फरक पुसला जातो, शिअर वेव्हमध्ये निरुपद्रवी गाठीचे आकडे चढतात. मी तीन खुणा बघते. प्रोब आणि त्वचेच्या मधे जेलची पातळ रेघ दिसायला हवी. कूपरचे बंध, म्हणजे स्तनाला आधार देणारे तंतू, कमानीसारखे वळलेले हवेत. सरळ झाले म्हणजे दाब जास्त. आणि खोलवरची एखादी फासळी चित्रात ठेवून प्रोब हळूहळू उचलायचा. संपर्क न सुटता ती जितकी खाली जाईल तिथे हात स्थिर करायचा. पेशंटला मी एवढंच सांगते, ‘ताई, मोठा श्वास घेऊ नका, आहे तिथेच थांबवा.’ मोठा श्वास घेतला की छाती वर येऊन प्रोबवर दाबते.

स्ट्रेनचं चित्र त्सुकुबा स्कोरवर मोजतात, १ ते ५. १ म्हणजे गाठ पूर्ण मऊ, २ मिश्र, ३ मध्ये फक्त मधला भाग कडक, ४ मध्ये अख्खी गाठ कडक, ५ मध्ये आसपासची ऊतीही. ४ पासून पुढे संशय. शिवाय रंगीत चित्रात गाठ बी-मोडपेक्षा, म्हणजे नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीपेक्षा, मोठी भरली तर मी सावध होते. कॅन्सर अनेकदा दिसतो त्यापेक्षा बाहेर पसरलेला असतो. रंगपट्टी मात्र दर वेळी वाचायची. एका कंपनीच्या मशीनवर निळा म्हणजे कडक, दुसरीच्या मशीनवर लाल.

दुसरी पद्धत शिअर वेव्ह. यात प्रोबच ऊतीला धक्का देतो आणि आडव्या लहरीचा वेग मोजतो, म्हणून हात अजिबात हलवायचा नाही. रंग स्थिरावेपर्यंत काही सेकंद थांबायचं, सुरुवातीच्या फ्रेम सोडून द्यायच्या. मग २ मिलिमीटरचं वर्तुळ सगळ्यात कडक ठिकाणी, जे बहुधा गाठीच्या मध्यात नसून कडेला किंवा लगतच्या ऊतीत असतं. मध्यभागी रंगच आला नाही तर त्याला मऊ समजणं ही घातक चूक: अतिकडक कॅन्सरमध्ये लहर शिरत नाही आणि तिथे काळं भोक राहतं. अशा वेळी भोवतीची कड मोजते. त्वचेलगत उभे लाल पट्टे आले तर तो दाबाचा दोष, चित्र पुन्हा घ्यायचं.

आकड्यांची मर्यादा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासातून घेतली जाते. त्यात ९३९ गाठी होत्या. कमाल कडकपणा ८० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे साधारण ५.२ मीटर प्रति सेकंद, असलेल्या ४अ (थोडा संशय असलेल्या) गाठींना खालच्या श्रेणीत आणण्याचा नियम लावला, तेव्हा तपासणीची विशिष्टता, म्हणजे निरुपद्रवी गाठ निरुपद्रवी म्हणून ओळखण्याचं प्रमाण, ६१.१ वरून ७७.४ टक्क्यांवर गेली. अनावश्यक सुया टळतात त्या इथेच, ३ आणि ४अ च्या सीमारेषेवर. श्रेणी त्याहून संशयाची, म्हणजे ४ब, ४क किंवा ५ असेल तर गाठ कितीही मऊ दिसो, बायोप्सी करायचीच.

कारण मऊ कॅन्सर असतात. म्युसिनस (चिकट द्रव भरलेला), काही डीसीआयएस (दुधाच्या नळीतच राहिलेला), लिम्फोमा (लसिका पेशींचा). उलट बाजूला चुना साठलेला फायब्रोअडिनोमा, फॅट नेक्रोसिस (मृत झालेली चरबी), जुन्या ऑपरेशनचा व्रण दगडासारखे लागतात.

रिपोर्टमध्ये मी मशीन, पद्धत, कमाल आकडा आणि चित्राचा दर्जा लिहिते. २०१३ च्या बायरॅड्समधले ‘मऊ, मध्यम, कडक’ हे तीनच शब्द वापरते आणि श्रेणी इलास्टोग्राफीमुळे बदलली असेल तर तसं स्पष्ट नोंदवते. दर्जा खराब आला तर आकडा देत नाही. ‘इलास्टोग्राफी निष्कर्षयोग्य नाही’ एवढंच लिहून बी-मोडच्या श्रेणीवर थांबते.