कोंड्याचा हिशेब

गेल्या वर्षी आषाढात आईला पोटाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. ती ७६ वर्षांची आहे, आणि दोन वर्षांपासून तिचे पोट नीट साफ होत नव्हते. आवश्यक त्या तपासण्या झाल्या, त्यांत काळजीचे काही निघाले नाही, आणि डॉक्टरांनी सांगितले की जेवणात फायबर वाढवा आणि पाणी वाढवा. घरी आल्यावर मी उत्साहाने बाजारातून गव्हाचा कोंडा आणला आणि रोज सकाळी तीन मोठे चमचे दुधात कालवून तिला देऊ लागले. रात्री अर्धी वाटी पाण्यात इसबगोलही सुरू केले. चौथ्या दिवशी तिचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, जेवण नकोसे झाले, आणि मूळ तक्रार होती त्याहून वाढली.

चूक माझी होती, आणि ती नेमकी काय होती हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते. फायबर वाढवायचे म्हणजे किती, आत्ता पोटात किती जाते, आणि ते कशातून यायला हवे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. म्हणून एक छोटा वजनकाटा आणला आणि आठवडाभर आईच्या ताटात जाणारा प्रत्येक पदार्थ कच्चा असताना मोजला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. तंतूंचे, म्हणजेच फायबरचे, आकडे मी त्यांवरून घेतले. या लेखात पुढे येणारे आकडेही १०० ग्रॅम कच्च्या पदार्थामागचे आहेत.

आईचा साधारण दिवस असा होता. सकाळी चहाबरोबर दोन टोस्ट, मग लहान बशीभर पोहे. दुपारी चाळलेल्या कणकेची दीड पोळी, दुधीची किंवा बटाट्याची चमचाभर भाजी, तुरीचे वरण आणि भात. संध्याकाळी बिस्किटे, आणि रात्री पिवळ्या मूगडाळीची मऊ खिचडी. हे साधे, सात्त्विक आणि पचायला हलके जेवण आहे असे आम्ही सगळेच समजत होतो, पण त्यातून दिवसभरात जेमतेम १४ ग्रॅम तंतू मिळत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस केली आहे. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशींतही बैठे जीवन असलेल्या स्त्रीसाठी २५ आणि पुरुषासाठी ३० ग्रॅम हाच आकडा आहे. तिला दिवसाला अकरा ग्रॅम कमी पडत होते, आणि ती तूट मी एका झटक्यात कोंड्याने भरून काढायला निघाले होते.

तंतू पोटात जाऊन करतात काय, हे थोडे सांगायला हवे. वनस्पतींचा जो भाग आपल्या लहान आतड्यातील पाचक रसांना मोडता येत नाही तो म्हणजे तंतू, आणि तो जवळपास जसाच्या तसा मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. त्यातला न विरघळणारा भाग, म्हणजे कोंडा, साली आणि पालेभाज्यांचे देठ, पाणी धरून ठेवतो आणि मळाचे आकारमान वाढवून तो पुढे सरकवतो. विरघळणारा भाग ओट्स, कडधान्ये, पेरू आणि इसबगोल यांत अधिक असतो. पाण्यात त्याचा बुळबुळीत गर होतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, आणि पित्तातील आम्ले या गरात अडकून बाहेर पडत असल्याने नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. शिवाय मोठ्या आतड्यातील जिवाणू यातले बरेच तंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा मिळते ती मुख्यतः या ब्युटिरेटमधूनच.

या दोन्ही कामांमध्ये माझ्या चुकीचे कारण सापडते. तंतू पाणी शोषतात, म्हणून पाणी न वाढवता कोंडा वाढवला तर मळ मऊ होण्याऐवजी घट्ट होतो, आणि अर्ध्या वाटी पाण्यातले इसबगोल तर घशात किंवा अन्ननलिकेत अडकण्याचीही भीती असते. त्याला मोठा पेला भरून पाणी लागते, तेही फुगून घट्ट होण्याआधी प्यावे लागते, आणि इतर औषधे व इसबगोल यांत दोनेक तासांचे अंतर ठेवावे लागते. आंबवण्याचे काम करणाऱ्या जिवाणूंना नव्या आहाराशी जुळवून घ्यायलाही वेळ हवा असतो. एकदम दुपटीने तंतू आले की वायू धरतो. दर चार-पाच दिवसांनी तीनेक ग्रॅमची भर घालत तीन आठवड्यांत इच्छित प्रमाणापर्यंत पोचणे, हे आता मला एकमेव शहाणपणाचे वेळापत्रक वाटते.

हिशेब मांडताना आई शेजारीच बसलेली असे. तिचे माहेर मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे मालदांडी ज्वारीच्या काळ्या रानातले. काट्यावर चाळणीतला कोंडा वेगळा मोजताना मला पाहून ती म्हणाली, "अगं, ज्वारीचं पीठ आम्ही कधी असं चाळून चाळून घेतलं नाही. चाळण लागली ती गहू आल्यावर." मग तिने १९७२ च्या दुष्काळाचे सांगितले, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरीचे सांगितले, आणि त्यानंतर घरात रोज पोळी होऊ लागली तेव्हा ती सुबत्तेची खूण वाटली होती, हेही सांगितले. पोळी जितकी पांढरी आणि मऊ तितके घर बरे. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे आपल्या भाषेने कौतुकच केले आहे, पण त्या कौतुकात कोंडा हे गरजेपोटी खायचे अन्न आहे हे गृहीत धरलेले असते. आपल्या ताटातून तंतू कमी झाले ते अज्ञानाने जितके, तितकेच या प्रतिष्ठेच्या कल्पनेने झाले असे माझे मत आहे, आणि आईवर मी त्यासाठी रागावू शकत नाही. ज्यांनी मिलो खाल्ला त्यांना पांढरी पोळी हवीशी वाटणारच.

योगायोग असा की त्याच १९७२ साली डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट' या साप्ताहिकात तंतूंवरचा निबंध प्रसिद्ध केला. युगांडात अनेक वर्षे काम केलेल्या या डॉक्टरांच्या लक्षात आले होते की तिथल्या खेड्यांतील, भरपूर चोथा असलेले अन्न खाणाऱ्या माणसांचा मळ ब्रिटनमधील माणसांच्या कितीतरी पट वजनाचा असतो आणि अन्न त्यांच्या पोटातून फार लवकर पुढे जाते. बद्धकोष्ठ, मूळव्याध आणि आतड्याचे काही विकार त्यांच्यात क्वचितच दिसत. पाश्चात्त्य जगाने चोथ्याकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली त्याच सुमारास आमच्या घरात चाळणी आली होती.

तरीही भाकरीबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून ज्वारी-बाजरीबद्दल बरेच अवास्तव बोलले जाते. ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत आणि नाचणीत ११ च्या आसपास, आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठातही ११ च्या वरच. म्हणजे तंतूंच्या बाबतीत ज्वारी गव्हापेक्षा श्रेष्ठ नाही. खरा फरक पीठ आणि मैदा यांच्यात आहे, कारण मैद्यात तंतू तीन ग्रॅमही नसतात. भाकरीचा लाभ असा की तिचे पीठ सहसा बारीक चाळणीने चाळले जात नाही आणि एका भाकरीला पोळीच्या जवळपास दुप्पट पीठ लागते. ज्यांना भाकरी जमत नाही त्यांनी गिरणीतून आणलेली कणीक न चाळता वापरली तरी काम होते. तांदळावरून तर घरात वाद घालूच नये. पांढऱ्या तांदळात तीनेक ग्रॅम आणि हातसडीच्या तांदळात साडेचार ग्रॅमच्या आत तंतू असतात. हा फरक भाजीची एक वाटी वाढवून सहज भरून निघतो.

खरी संपत्ती कडधान्यांत आहे, आणि ती सालासकट. तुरीच्या किंवा मुगाच्या सोललेल्या डाळीत नऊ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पण अख्ख्या मुगात सुमारे १७, मटकीत १५ आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५. आईची खिचडी तीच राहिली, फक्त पिवळ्या डाळीऐवजी रात्रभर भिजवलेले अख्खे हिरवे मूग घातले आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त दिल्या. एवढ्या एका बदलाने तिच्या ताटात रोज दोन ग्रॅमहून अधिक भर पडली. कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून दिले किंवा मोड आणून मग शिजवले, तर वायू धरायला लावणाऱ्या शर्करा बऱ्याच कमी होतात. फोडणीत हिंग आणि ओवा घालायचे आमच्या घरी चालत आले आहेच.

भाजीच्या बाबतीत प्रश्न प्रकाराचा कमी आणि वाढण्याचा जास्त आहे. आपल्या ताटात भाजी पोळीला लावण्यापुरती असते. १०० ग्रॅम गवारीत किंवा मेथीत जवळजवळ पाच ग्रॅम तंतू मिळतात, पण ते मिळण्यासाठी १०० ग्रॅम गवार खावी लागते, आणि चार माणसांत पाव किलो भाजी करणाऱ्या घरात ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. आमच्याकडे आता चौघांत दोन वेळची मिळून एक किलो भाजी लागते. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर परतून त्यांची चटणी करण्याची आजीची रीत मी पुन्हा सुरू केली, आणि तांदुळजा, अंबाडी, शेपू यांचे कोवळे देठ बारीक चिरून भाजीतच घालते. शेवग्याच्या शेंगांबाबत मात्र माझा हिशेब एकदा फसला होता. तक्त्यात त्यांच्यासमोर सुमारे सात ग्रॅम लिहिलेले असतात, पण चावून ताटाच्या कडेला ठेवलेला चोथा आपण खाल्लेला नसतो, आणि बरेचसे तंतू त्यातच जातात. फळांच्या रसाचेही तसेच आहे. मोसंबी पिळून गाळली की ग्लासात साखर उतरते आणि चोथा गाळणीत राहतो.

उपवासाच्या दिवसांचा हिशेब पाहून मी सर्वांत जास्त चकित झाले. आई महिन्याच्या दोन्ही एकादशा करते, आणि पोट बिघडण्याचे दिवस नेमके त्यांच्या दुसऱ्या दिवशी येत होते. साबुदाणा हा निव्वळ पिष्ट आहे, त्यात तंतू जवळपास नसतातच, आणि खिचडीत जे थोडे असतात ते दाण्याच्या कुटाचे. उपवासालाच चालणाऱ्या राजगिऱ्यात सात ग्रॅमच्या वर आणि रताळ्यात चारच्या आसपास तंतू असतात. आता एकादशीला उकडलेले रताळे, राजगिऱ्याची भाकरी आणि पपई असते. व्रत मोडले नाही आणि द्वादशीचा त्रासही थांबला.

दुकानातून आणलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर एक नजर टाकण्याची सवय मात्र लावून घ्यायला हवी. १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम तंतू असतील तर पदार्थ तंतूंचा स्रोत आहे असे आणि ६ ग्रॅम असतील तर तंतूंनी समृद्ध आहे असे वेष्टनावर लिहिण्याची मुभा आपल्या अन्नसुरक्षा नियमांत आहे. याचा अर्थ साधी न चाळलेली कणीक समृद्धीची ही मर्यादा सहज ओलांडते. तपकिरी पावाचा रंग पाहण्यापेक्षा त्यावरील घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे आहे का ते पाहावे.

आईचे दात आता फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे कडक भाकरी, पेरूच्या बिया किंवा कच्ची गाजरे तिला देता येत नाहीत. वयस्कर माणसांच्या आहाराबद्दल लिहिताना ही अडचण सहसा विसरली जाते, म्हणून आमच्या घरी टिकलेली व्यवस्था सांगते. सकाळी ४० ग्रॅम ज्वारीच्या कण्या शिजवून त्यांत ताक आणि जिरे. दुपारी न चाळलेल्या कणकेची दीड पोळी आमटीत कुस्करून, आणि त्याबरोबर वाटीभर मऊ शिजवलेली पालेभाजी किंवा गवार. चार वाजता बिस्किटांऐवजी दीडशे ग्रॅम पपई. रात्री मुगाची खिचडी. एकूण २६ ग्रॅम होतात, आणि एकही पदार्थ तिला परका नाही. पाण्याचा एक तांब्या सकाळी तिच्या खुर्चीशेजारी भरून ठेवते, तो संध्याकाळपर्यंत रिकामा झाला पाहिजे एवढाच आमच्यात करार आहे.

हे प्रमाण सर्वांना जसेच्या तसे लागू होणार नाही. ज्यांच्या आतड्यात अडथळा किंवा अरुंदपणा आहे, ज्यांची पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना फळे, भाज्या आणि पाणी यांवर मर्यादा सांगितली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नये. मळात रक्त दिसणे, कारण नसताना वजन उतरणे, किंवा शौचाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणे, यांवर आहाराचा प्रयोग करत बसू नये. आम्हीही आधी तपासण्या केल्या होत्या, आणि त्या निर्वेध आल्या म्हणूनच स्वयंपाकघरात शिरलो.

कोंड्याची ती पिशवी अजून संपलेली नाही. कणीक मळताना त्यातला एक चमचा मी सगळ्यांच्याच पोळ्यांत घालते. आई आता काट्याकडे पाहतही नाही. मूग भिजत घालताना ती एक मूठ घेते, आणि दोनदा मोजून पाहिले तेव्हा तिची मूठ तीस ग्रॅमचीच भरली.