स्टॉर्मिंगच्या स्लाइडवर अडकलेली गाडी

आज ऑफिसात टीम कशी घडते यावर प्रेझेंटेशन दिलं. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमनचं मॉडेल, 1965 सालचं. टीमचे चार टप्पे: फॉर्मिंग (एकत्र येणं), स्टॉर्मिंग (खटके उडणं), नॉर्मिंग (घडी बसणं), परफॉर्मिंग (जोमात काम करणं). यमक इतकं छान जुळलंय की पाठ करावंच लागत नाही.

यावेळी ठरवलं होतं, स्लाइडवर मजकूर नाही, फक्त चित्रं. पहिल्या स्लाइडवर लांब लांब ठेवलेल्या चार खुर्च्या. नवीन टीममध्ये सगळे असेच, गोड बोलणारे आणि अंतर राखून बसलेले. दुसऱ्या स्लाइडवर त्याच खुर्च्या, एक उलटी पडलेली आणि दोन एकमेकींकडे पाठ करून. ती स्लाइड आली आणि मागून आवाज आला, "ही तर आपली सोमवारची मीटिंग!" हशा पिकला. मग मात्र वीस मिनिटं आम्ही तिथेच. कोण कुणाला न विचारता निर्णय घेतं, कुणाचं काम कुणाच्या गळ्यात पडतं, सगळं निघालं. मी रिमोट हातात धरून नुसती उभी. (खरं सांगायचं तर त्या उलट्या खुर्चीत थोडी मीही होते.)

नॉर्मिंग, परफॉर्मिंग पाच मिनिटांत गुंडाळलं. शेवटची स्लाइड रिकाम्या खोलीची होती, अ‍ॅडजर्निंगची. टकमननेच मेरी अ‍ॅन जेन्सनबरोबर 1977 मध्ये जोडलेला पाचवा टप्पा, काम संपून टीम पांगण्याचा. ती दाखवायची राहूनच गेली.

सोमवारच्या मीटिंगची वेळ बदलली आहे म्हणे. आत्ताच मेसेज आला.